दोन उभ्या रेघा

वडगावात, मंगाईच्या देवळामागे,
सोसायटीच्या माळ्यावर बसून मी
चारशे बारा विणकरांच्या नोंदी तपासते आहे.
प्रत्येक नोंद म्हणजे एक पेटी:
नाव, गल्ली, माग किती, बाकी किती, बोलायची भाषा.
काही पेट्यांत खणच नाहीत.
खण नसला की पान अडतं,
पांढऱ्या पडद्यावर एकच शब्द उगवतो, अनडिफाइन्ड,
आणि सेक्रेटरी हणबरट्टी जिन्याखालून ओरडतात,
"काय गं, पुन्हा मेलं काय ते?"

माझ्या आधीच्या पोराने, सुळेभावीच्या इराण्णाने,
प्रत्येक खणापुढे दोन उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या.
डावीकडे काही नसेल तर उजवीकडचं घे.
माग? लिहिले नसतील तर दोन.
इथं घराला दोन माग असायचेच,
इराण्णाचा हिशेब वाईट नव्हता.
पान अडायचं थांबलं. त्याला धारवाडात नोकरी लागली.

मग मार्चात गंगव्वा कामकर आली,
हातात दोन मागांची वर्गणी मागणारी चिठ्ठी.
फॉर्मात तिने स्वतः शून्य लिहिलं होतं,
गोल, कागद फाटेस्तोवर गिरवलेलं.
दोन्ही माग लॉकडाऊनात मोडीत गेले, किलोच्या भावाने.
यंत्राला शून्य म्हणजे काहीच नाही असं वाटलं,
आणि त्याने तिला दोन माग परत दिले.
"कुठं हाईत ते?" गंगव्वा म्हणाली. "दाव की बाई.
आजच ताणा चढवते."
मी पडद्याकडे बोट केलं, आणि मागे घेतलं.

आमच्याकडे नाही म्हणायच्या दोन तऱ्हा आहेत.
इल्ला. म्हणजे पाहिलं, मोजलं, नाही.
गोत्तिल्ला. म्हणजे मलाच ठाऊक नाही.
पिठाच्या गिरणीत, बसस्टँडवर, शेंबडं पोरसुद्धा
यांची सरमिसळ करत नाही.
इराण्णाने केली. तो तर घरी कन्नडच बोलायचा.

रात्री बसून सगळ्या रेघा खोडल्या.
त्या जागी दोन प्रश्नचिन्हं:
खण खरोखर नसेल, तरच उजवीकडचं घे.
शून्य असेल तर शून्य राहू दे.
कोरं सोडलं असेल तर ते कुणीतरी सोडलेलं आहे.
साडेअकराला गंगव्वाचे दोन्ही माग दुसऱ्यांदा गेले,
या वेळी माझ्या हातून.

शेवटच्या खणाशी मात्र अडले. भाषा.
उजवीकडे इराण्णाने एक लिहिली होती.
त्याच्या आधीच्याने दुसरी,
ती दोन तिरक्या रेघांमागे अजून झोपली आहे.
दोघांनीही कुणाला विचारलं नव्हतं.
मी उजवीकडे काहीच ठेवलं नाही.
सकाळी पान अडलं. हणबरट्टी ओरडले.
म्हटलं, अडू दे. माणसं समोर उभी आहेत, विचारा.

रांगेत पहिली गंगव्वाच, वर्गणीमाफीच्या सहीसाठी.
"भाषा कुठली लिवू, अक्का?"
ती पदराने चष्मा पुसत राहिली.
"कोण विचारतंय," म्हणाली, "त्यावर हाय की."

हणबरट्टींचं बोट कळीवर तसंच.