चार भोकं

सहकारनगरात, आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी
एक पाटी होती, पितळी स्क्रूंनी घट्ट बसवलेली:
‘घरकामाच्या महिला व डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा.’
खाली, ‘हुकमावरून’.
कुणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं.
पुण्यात पाटीला सही लागत नाही.

मी एकतीस वर्षं कायदा शिकवला.
कलम चौदा फळ्यावर लिहिताना
‘समान’पाशी खडू हमखास मोडायचा
आणि मागच्या बाकावरची मुलं हसायची.
ही पाटी मी सात वर्षं वाचली,
लिफ्टची वाट बघत.

तक्रार केली ती दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं,
तेजस वाघचौरे, वय चोवीस, घरात अजून गादीसुद्धा नाही.
गच्चीवर सभा भरली.
चहा इंदूबाईंनी केला,
आणि वर आणला, जिन्यानं.

सेक्रेटरी दाबके हुशार माणूस,
मेंटेनन्सचा हिशेब पैशापैशाला जुळवणारा.
म्हणाले, भेदभाव नको ना? मान्य.
उद्यापासून लिफ्ट बंद. सगळ्यांना.
वीज वाचेल, व्यायाम होईल.
मग माझ्याकडे वळून,
आता बोला मॅडम, तुमचं कलम काय म्हणतं?

कलम काहीच म्हणालं नाही.
माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती.

पहिल्या दिवशी मी चढले. घर चौथ्यावर.
तिसऱ्याच्या वळणावर इंदूबाई खुडे टेकल्या होत्या,
जनता वसाहतीचा उतार उतरून आलेल्या,
रोजची सात घरं, त्यातली चार आमच्याकडची.
मी शेजारी बसले.
कुणी धापा मोजल्या असत्या
तर बरोबरी निघाली असती.
म्हणजे मिटलं?
दोन्ही बाजूंचे आकडे मी मनात पुसून बघितले,
मधलं बरोबरचं चिन्ह तेवढं उरलं,
दोन आडव्या रेघा,
वर चढत जाणाऱ्या.

विचारलं, इंदूबाई, आता सगळे सारखे. बरं वाटतं?

“मला कुठं तुमच्यासारखं व्हायचं हुतं, मॅडम.
गुडघा दुखतो. लिफ्ट पायजे हुती.”
मग पिशवी या हातातून त्या हातात घेत,
“आन् ती पाटी.
नातीला औंदा वाचाया याया लागलंय.”

घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या.
माप होतं, वर्गवारी होती, वाजवी कारण होतं,
वाचायला शिकलेली नात कुठल्याच समासात नव्हती.

पण हेही पुरेसं नाही.
गुडघा तर दाबक्यांचाही दुखतो.
त्यांच्या गुडघ्यासाठी पाटी लागली नव्हती,
आणि हे कळायला
दोन्ही गुडघे शेजारी ठेवावेच लागतात.
म्हणजे तराजू पुन्हा घरात आलाच.
कुठलं पारडं वर गेलं एवढं तो सांगतो,
कुणी बोट लावलं ते त्याला विचारून उपयोग नाही.
रात्री दोनला मी हे एका लिफाफ्याच्या पाठीवर लिहिलं,
सकाळी त्यावर दुधाचा हिशेब होता,
माझ्याच अक्षरात.

आठव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली.
दाबक्यांच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं.
पाटीही निघाली त्याच दुपारी,
ठरावाविना, इतिवृत्तात नोंद नाही.
भिंतीला चार भोकं राहिली.
रंगाचं कोटेशन मागवलं आहे म्हणतात.

इंदूबाई अजून जिन्यानंच येतात.
लिफ्टमध्ये कुणी असलं तर म्हणतात, व्हा पुढं.

परवा सुट्टी होती, नात सोबत होती,
दोन वेण्या, पायात मोठ्या मापाची चप्पल.
वाट बघता बघता तिनं भिंतीवर हात फिरवला,
वरच्या भोकांपर्यंत पोचेना,
खालच्या एका भोकात करंगळी घातली.
“आजी, हितं काय हुतं?”

इंदूबाईंनी माझ्याकडे बघितलं.
लिफ्ट तेव्हा तिसऱ्यावर होती.