पंधरा अक्षरांत

वडगावात, माग विकून रिकाम्या झालेल्या खोलीत,
जिथं पायांचा खड्डा बुजवून फरशी बसवलीय,
शिलाई मशिनच्या मेजावर ठेवलाय काळा डबा.
पावाच्या लादीएवढा, आत दोन हार्डडिस्क,
राउटरकडून भिंतीच्या कडेनं आलेली निळी वायर.

गुंडाप्पाकाका स्टूल ओढून बसलेत.
"काय करूलालीस?"
सेटिंग, काका.
"माग लावायला दोन दिवस जायचे. सावकाश कर."

पहिलाच प्रश्न भाषेचा.
यादी खाली खाली जाते: पोलिश, तुर्की, थाई,
हंगेरीची सुद्धा आहे.
मराठी नाही. कन्नड नाही.
काका चष्मा वर करून दोनदा बघतात
आणि तोंडातली तंबाखू सांभाळत हसतात:
"बरं झालं. दोघंबी बाहेर. भांडण मिटलं."

मग डब्याचं नाव. फार तर पंधरा अक्षरं,
तीही रोमन, मध्ये जागा सोडायची नाही.
मी गावाचं नाव लिहायला घेते,
चौथ्या अक्षराशी थांबते.
इथून पुढं दोन वाटा फुटतात
आणि दोन्हींवर कुणीतरी पाट्या मोजत उभं असतं.
खोडते.
"धोटा लिही," काका म्हणतात.
पाच अक्षरं. डब्यानं मुकाट घेतलं.

वेळ: कोलकाता. आपल्या देशाला तेवढंच एक गाव दिलंय.
पत्ता: कायमचा, शेवटी सत्तावीस,
काकांच्या मागाचा सोसायटीतला नंबर.

सहाशे बारा आलेख-कागद स्कॅन केलेत मी,
चौकोन चौकोन लाल पेन्सिलीनं भरलेले.
रुईफूल, गोमी, एक मोर ज्याची मान जमली नाही
म्हणून कोपऱ्यात काकांनी स्वतःलाच घातलेली शिवी.
लाल तिथं भोक, पांढरं तिथं पुठ्ठा.
तसेच तर ठेवायचे तेही, भोकांत.

"दोन डिस्क कशाला?"
दोन्हींवर तेच. एक गेली तर दुसरी.
"म्हणजे निम्मी जागा फुकट?"
हो.
काका जरा वेळ फरशीकडं बघतात.
"रुईफुलाचे पुठ्ठे आम्हीबी दोनदा पाडलेले.
एक संच उंदरांनी खाल्ला.
दुसरा बसवंतानं बंबात घातला."

बसवंत त्यांचा मुलगा. पुण्यात असतो.
यादीत त्याचं नाव आलंच, नावासमोर तीन चौकोन:
बघणे, लिहिणे, काहीच नाही.
माझा हात माऊसवर तसाच.
"बघू दे त्याला," काका म्हणतात,
"नुसतं बघता येतंय, पुसाय येत नाही, असं होतंय?"
होतंय, काका.
"मग तसं कर."

आणि थोड्या वेळानं:
"मलाबी तेवढंच ठेव.
हात कुठंबी पडतोय अलीकडं."

म्हणजे पुसायचा हक्क राहिला एकटीचा माझा,
गोकाकहून आलेली मी,
धोटा कधी हातातही न धरलेली.
पासवर्ड दोनदा लिहायला सांगतात. मी तीनदा चुकते.

शेवटचा प्रश्न झोपेचा.
वीस मिनिटं कुणी हात लावला नाही
तर डिस्क झोपू द्यायच्या का?
वीज वाचते, आयुष्य वाढतं, असं लिहिलंय खाली.
काका डब्यावर तळवा ठेवतात,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"नको. चालू दे."

रात्री अडीचला लाइट गेली.
पंख्याच्या आधी तो बारीक घरघराट थांबला,
आणि जागी झाले तर सोप्यात काकाही उठून बसलेले,
तीस वर्षं माग थांबला की दचकणारा माणूस.
दोघंही काही बोललो नाही.

वीज आल्यावर आपोआप सुरू व्हावं,
त्या चौकोनात मी खूण केली होती का,
अंधारात काही केल्या आठवेना.