तांबडा ठिपका

मशीनवाल्या पोरानं बिल फाडून हातात दिलं
आणि चप्पल ओढत पुढच्या दाराकडं गेला.
वीतभर कागद, सगळा कानडी.
आकडे तेवढे ओळखीचे:
चार हजार दोनशे सत्तर.
गेल्या महिन्यापर्यंत आमचं शून्य यायचं.

तेजल शाळेतून आली. तिच्याकडून वाचून घेतलं,
वरून खाली, मग खालून वर,
कुठंतरी नाव चुकलं असेल या आशेनं.
नाव बरोबर होतं. खासबागचा पत्ता,
सासऱ्यांच्या नावाला कुणीतरी कधीतरी जोडलेला
'प्पा'सुद्धा जागेवर.

परशराम फौंड्रीतून आला.
कागद दिव्याखाली धरून बघितला
आणि पहिल्यांदा तो दिवाच बंद केला.
मग माझ्या इस्त्रीकडं बघितलं.
मी त्याच्या पाण्याच्या हिटरकडं.
तेजलनं चार्जरवरचा मोबाईल हळूच पाठीमागं नेला.
कुणी काही बोललं नाही.
आमटी तिघांनीही मान खाली घालून भुरकली.

पहाटे उठून मेन स्विच खाली ओढला.
फ्रीज एक उसासा टाकून गप्प झाला.
बाहेर येऊन मीटरवर बॅटरी मारली,
तर तांबडा ठिपका लुकलुकतोय,
टिप टिप टिप,
माझ्या घरात काहीच चालू नसताना.
पलीकडं हुद्दार मास्तरांच्या खिडकीला
नवा एसी बादलीत पाणी गाळत होता,
टिप टिप टिप.
बळ्ळारीहून मुलगा-सून आलेत,
तान्ह्याला घामोळं झालंय.

तीन खेपा घातल्यावर इराप्पा आला,
कानावर पेन्सिल.
त्यानं मास्तरांचा फ्यूज काढला
आणि आमचा ठिपका विझला.
"आता तुमचं शिलाई मशीन लावा, अक्का."
मी पायडल दाबलं.
मास्तरांच्या मीटरवर ठिपका पळत सुटला.

"वायरी उलट्यात की ओ. मीटर बसवले तेव्हापासनं."
पेटीवरची धूळ त्यानं बोटानं पुसली.
तारीख निघाली. अकरा वर्षं.

मी तीन दिवस भांडणाची वाक्यं पाठ करत होते,
निम्मी तेजलकडून कानडीत करून घेतलेली.
ती तशीच घशात राहिली.
अकरा वर्षं.
किती साड्यांना फॉल लावले, किती पिको,
लग्नसराईत रात्री दोन-दोनपर्यंत,
इस्त्री, मिक्सर, दिवाळीच्या माळा,
तेजलच्या बारशाला मंडपातले दोन फोकस.
आणि भिंतीपलीकडं एकटा म्हातारा,
एक पंखा, एक रेडिओ,
नऊच्या बातम्या संपल्या की दिवा बंद.
त्यांना दर महिन्याला हजार, बाराशे.
आमचं शून्य मी जावेला दाखवत होते,
काटकसर कशी करावी म्हणून.

"मास्तर, तुम्ही कधी विचारलं कसं नाही?"
मास्तरांच्या मराठीत वायर पुरुष असते.
"जुना वायर हाय, थोडं पितोय, वाटलं."

मी वही आणायला वळले, हिशेब तरी मांडूया म्हणून.
वळून बघते तर ते खिशातून नोटा काढून उभे,
चार हजार दोनशे सत्तर, मोजून,
सत्तर रुपये सुट्टे.
"एसीचं आमचंच की."
मी हात मागं घेतला. त्यांनी पुढं केला.
मी अकरा वर्षांचं म्हटलं. ते म्हणाले, इर्ली बिडरी,
असू दे, सोडा.
इराप्पा शिडीवरनं ओरडला,
"तुमचं ठरेस्तोवर दोन्हीकडची लाईन बंद ठेवलोय!"

दुपारचा एक. एसी थांबला तसं
आत पोर किंचाळत उठलं.
सून त्याला घेऊन उंबऱ्यावर आली, पदरानं पुसत.
माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.
मी बिल चार पदरी घडी केलं
आणि त्याला वारा घालत बसले.