चार दहा

रविवारी दुपारी डिचोलीचा बाजार झोपलेला असतो
आणि माझं घड्याळांचं दुकान अर्ध्या शटरनं जागं.
पुण्याच्या रेसचे आकडे मी चिठ्ठीवर लिहितो,
म्हापशाला फोन करतो. त्यापुढचं मला ठाऊक नाही.
सत्तावीस वर्षं लिहितो आहे.
लोक माझ्याकडे घोडा घेऊन येत नाहीत,
खूण घेऊन येतात.

फटी गावस सगळ्यात आधी.
खाण बंद झाल्यापासून त्याचे दोन ट्रक माडाखाली उभे.
बॉनेटवर कोंबडी चढली तर नंबरातला शेवटचा आकडा,
उतरली तर पहिला.
कोंबडीनं त्याला दोनदा जिंकून दिलं.
तिसऱ्यांदा हरला, तरी त्यानं तिला कापलं नाही.
म्हणाला, तिचं काय चुकलं? मीच उशिरा बघितलं.

एर्मेलिंदा उरलेले बांगडे मोजते.
नऊ उरले तर नऊ.
तेरा उरले तर चार मांजराला घालते,
कारण नऊवर तिचा जीव.
मी म्हटलं, बाई, हा तर हिशेब झाला, शकुन कुठे?
"मांजर आलं ना वेळेवर!"

घाणेकर मास्तरांनी देवीला कौल लावला.
गाभाऱ्यात घोड्याचं नाव कसं घेणार?
भटजींना म्हणाले, एक पाहुणा आहे,
आमच्यासाठी येईल का, एवढंच विचारा.
पाकळी उजवी पडली, जराही न रेंगाळता.
घोडा शेवटून दुसरा आला.
आणि मंगळवारी बेळगावहून आली मास्तरांची मेहुणी,
ट्रंक, शिलाई मशीन आणि पोपट घेऊन.
श्रावण गेला, चवथ गेली,
पोपट कोकणीत शिव्या द्यायला लागला.
मास्तर हल्ली देवीशी स्पष्ट बोलतात.

मी हसायचो. स्वतः कधी दमडी लावली नव्हती.
मग एका आठवड्यात तीन घड्याळं आली,
एक बोर्ड्याचं, एक मयेचं, एक कुणा वाटसरूचं.
तिन्ही बंद.
तिन्ही चार वाजून दहा मिनिटांवर.

चौथी शर्यत, दहा नंबर.
हात थरथरला नाही, हे मुद्दाम सांगतो,
चिमटा धरणारा हात आहे.
पण चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिताना
आधी नाव की आडनाव, तेच आठवेना.
गल्ल्याच्या एका कप्प्यातून पाचशे काढले,
दुसऱ्या कप्प्यात ठेवले.

दहा नंबर धावलाच नाही.
सकाळी पायात काही सललं म्हणे, नाव मागे घेतलं.
पाचशे दुसऱ्या कप्प्यातून
पुन्हा पहिल्यात.

सोमवारी घड्याळं उघडली.
एकाचा सेल संपलेला.
एकाला पावसाळी गंज.
तिसऱ्यात मुंगी, चाकाच्या दोन दातांमध्ये,
वाळून काळ्या धाग्याएवढी.
तीन कारणं, एकमेकांच्या ओळखीची नसलेली.

दोन दुरुस्त करून दिली, चाळीस चाळीस घेतले.
वाटसरू परत फिरकला नाही.
मुंगी काढायला एक फुंकर पुरे,
काढलेली नाही.
रविवारी शटर अर्धं उचलतो,
आधी भिंग लावून तिला बघतो,
जागची हलली नाही ना,
मग वही उघडतो.