एकच बटण खाली

आधी खिडकीत जाऊन बघायचं,
हे न शिकवता येतं.
समोर अंधार असला की हायसं वाटतं:
गेले तर सगळ्यांचे गेले.

पण आज गुरुवार नाही,
आणि बी विंगमध्ये दातारांचा टीव्ही
निळा निळा हसतोय.
म्हणजे फक्त आपलेच.

टॉर्च दातांत धरून जिना उतरले.
बिल भरलंय, चौदा तारखेला, मेसेज आहे.
मीटरचा लाल ठिपका लुकलुकतोय.
वीज दारापर्यंत आलेली आहे,
आत यायला तयार नाही.

मुलाणी कात्रजच्या चौकात अडकलेले,
फोनमध्ये त्यांच्यापेक्षा हॉर्नच जास्त.
"ताई, मेन वर राहतोय का?"
राहत नाही. टक्कन पडतो.
"मग घरातलंच कुणीतरी आहे.
सगळी बटणं खाली घ्या. मेन वर.
आता एकेक चढवा.
जो पाडेल तो चोर."

हॉल. राहिला.
स्वैपाकघर. फ्रिज झोपमोड झाल्यासारखा घुरघुरला.
गीझरवर माझा पक्का संशय,
बारा वर्षांचा, बुडाशी गंजलेला.
गीझर निर्दोष निघाला.
मला जरा ओशाळल्यासारखं झालं,
मनातल्या मनात मी त्याला भंगारात घालून
नव्याचे हप्तेही मोजले होते.

उरलं शेवटचं,
ज्याच्या खाली काही लिहिलेलंच नाही.
टक्.

अंधारातून श्रीरंग म्हणाला,
"ते पॅसेज आणि बेल."

बेल. चिमणीच्या आवाजाची.
आठवडाभराच्या झडीत बाहेरची भिंत भिजली,
रंगाचे पापड सुटले,
आणि आत बसून ती पाणी पीत होती.
"तेवढं एक खाली राहू द्या," मुलाणी म्हणाले,
"भिंत वाळली की येतो."

भिंत वाळली.
मुलाणी आले नाहीत.
मीही आठवण केली नाही.

पॅसेजमध्ये आता चपला चुकतात,
एकदा मी श्रीरंगच्या घालून
वाण्याकडे जाऊन आले.
लोक दार वाजवतात.
दूधवाला कडीने, दोनदा, घाईत.
कुरिअरवाला तळहाताने, वसुलीला आल्यासारखा.
वरची ओवी एका नखाने,
जणू दार झोपलंय.

श्रीरंग मात्र अजून बटणच दाबतो.
दाबतो, आणि थांबतो.
वाजत नाही हे त्याच्या बोटाला
कुणी सांगितलेलं नाही.

मी उठते.
मेलेल्या बटणाचाही
एक बारीक आवाज येतो आत,
कान तिकडे असला तर.