वजन, भरल्यावर

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं,
ताटलीला कालचं पीठ होतं.
रिकामं साडेनऊ औंस. सात गोळ्यांसह बारा.
रुग्णांचं बीपी लिहिते त्याच वहीत
मागच्या पानापासून उलटं लिहायला घेतलं.

हर्शेलनं दुकानात तळहातावर ठेवलं तेव्हा म्हणाला,
"खिशात आहे हेसुद्धा विसरशील, व्हर्लिन."
त्याच्या लेखी हा गुण.

चाप जड. ओढत राहा, ओढत राहा,
गंजलेल्या नळासारखा, आणि मग एकदम.
नेम धरायची खूण तांदळाच्या कणीएवढी.
स्लाइड खेचायला गेलं की अंगठ्यातला संधिवात आडवा येतो,
म्हणजे एक गोळी आधीपासूनच नळीत हवी,
म्हणजे पायऱ्या उतरताना,
गाडीत वाकताना,
कुणाची उशी सारखी करतानाही.

सात यार्डांवर कागद. चार गोळ्या कागदात, दोन मातीत.
सातवी कुठे गेली विचारलं
तर हर्शेल टोपीखाली डोकं खाजवत राहिला.
लहान म्हणून घेतलं, तर लहान म्हणूनच चावतं :
अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली.
पट्टी मीच लावली.
नाडी एकशे बारा.

कारण कुणी विचारलेलं नाही, तरी लिहिते.
माझ्या बॅगेत मॉर्फिन नसतं.
ज्यांना ते हवं असतं त्यांना हे ठाऊक नसतं.
नोव्हेंबरात ओढ्यावरच्या पुलाशी ओनेटाची गाडी अडवली,
दोघे होते;
त्यातल्या एकाला गोवराची लस मी टोचली होती.

कोटाचा उजवा खिसा.
आठवड्यात नळीच्या तोंडाशी लोकरीचा भुगा,
खोकल्याच्या गोळीचा चिकट कागद.
किल्ल्या डाव्या खिशात हलवल्या, तरी
स्वतःच्याच दारात उभी राहून
तीनदा भलतंच हाताला लागलं.

मग गुरुवारी एस्टिल रॅटलिफ, वय एक्क्याऐंशी.
दिवस कलला की त्याला स्वतःचं घर ओळखू येत नाही.
दार उघडलं तर दुनळी माझ्या छातीशी.
"कोण ते?"

माझा उजवा हात तेव्हा कुठे होता
हे नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं.
दीड सेकंदात बाहेर, असं हर्शेलनं घोटून घेतलं होतं.
हात बीपीच्या पट्ट्यावर होता.
म्हटलं, "एस्टिल, बाही वर करा."
त्यानं दुनळी भिंतीला टेकवली
आणि शाळेतल्या पोरासारखी बाही वर केली.
एकशे अठ्ठ्याहत्तर, शहाण्णव. त्याचं.
माझं घेतलं नाही.
काडतुसं काढून घेतली, त्याच्या मुलीला फोन केला,
गाडीत बसल्यावर कळलं की खिसा जड आहे.

याला आता किती गुण द्यायचे?
पुलावर हेच कामाला आलं असतं, ओनेटा म्हणते.
आलंही असतं. पुलावर मी नव्हते.

एप्रिल लागला. पाइकव्हिलला उकडायला लागलं, कोट टांगला.
कामाच्या कपड्यांचे खिसे उथळ, वाकलं की पेन पडतं.
जाड डेनिमचा तुकडा कापून ठेवलाय मापानं,
सुईत दोरा ओवून तास झाला.
टेबलावर मॅगझिन वेगळं, नळीतली गोळी वेगळी,
कापसाच्या काडीवर करडा भुगा.

उद्या एस्टिलकडे सकाळीच जायचं.
सकाळी त्याला घर ओळखू येतं.