नऊ पावलं

करारनाम्याच्या शेवटी, शिक्क्याच्या शाईखाली
गायधनी काकांनी हाताने लिहिलेली एक ओळ :
छतावरचं यंत्र भाडेकरूने काढू नये.

पाथर्डी फाटा, नाशिक. तिसरा मजला, अकरा महिने.
पंखे दोन, गीझर एक, आणि हे
पांढरं, बशीएवढं,
ठेचा परतला की बोंबलणारं.

पाच तारखेला काका येतात.
भाडं आधी मोजत नाहीत.
स्टुलावर चढतात, उदबत्ती पेटवतात
आणि वर धरतात,
देव नसलेल्या जागी.
ते किंचाळलं की उतरतात. "चालू आहे."
मग पाणी पितात.

श्रावणात मी सेल काढला.
रेवूला ताप होता, मोहरी जळाली,
ते ओरडलं, ती दचकून उठली.
सेल मिसळणाच्या डब्यात, लवंगांशेजारी.

पाच तारीख. स्टूल. उदबत्ती.
काहीच नाही.
राख काकांच्या मनगटावर पडली,
उदबत्ती निम्मी झाली तरी हात खाली येईना.
मी डबा उघडला.

रागावले नाहीत.
निजायच्या खोलीच्या उंबऱ्यापासून
बाहेरच्या दारापर्यंत चालत आले, ओठ हलवत.
"नऊ पावलं," म्हणाले.
जिना उतरता उतरता थांबून,
"उजेडात."
भाडं टेबलावरच राहिलं.

रात्री दिवे घालवून मी मोजली,
रेवूला कडेवर घेऊन, भिंत चाचपत.
सतरा.
आणि कडी सापडेपर्यंतचा वेळ वेगळा.

वरच्या सेलला
अजून लवंगांचा वास असेल.